जुलैमधला हिवाळा आणि पसरणीचा घाट

इथिओपियात शिकवायला गेलो, त्या पहिल्याच वर्षी एका साध्या शब्दाने माझी चांगली फजिती केली. जुलै महिना होता. विभागातले एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "हिवाळा संपला की नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा करून टाका." मी मान डोलावली. साताऱ्यात हयात गेलेल्या माणसाच्या हिशेबाने हिवाळा सुरू व्हायलाच अजून चार महिने होते आणि संपायला सात, त्यामुळे मी निर्धास्त राहिलो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या दारात उभे राहिले. "हिवाळा तर संपला. मसुदा कुठे आहे?"

मी स्वतः भूगोलाचा प्राध्यापक, आणि उत्तर गोलार्धातल्या देशात जुलै-ऑगस्टला हिवाळा म्हणणारा हा गृहस्थ गणिताचा, त्यामुळे प्रथम मला त्याची दया आली. पुढे वर्षभर तिथली हवा अंगावर घेतल्यावर लक्षात आले की चूक माझीच होती. त्या गावातले सर्वांत गारठलेले दिवस खरोखरच जुलै-ऑगस्टचे असतात. सूर्य आठवडा-आठवडा ढगाबाहेर येत नाही, पाऊस आणि गारा आलटून पालटून पडतात, माणसे जाड पांढऱ्या चादरी अंगाभोवती लपेटून भिंतींच्या कडेने चालतात आणि शाळांना सुट्टी असते. शाळा उघडतात त्या सप्टेंबरमध्ये, ऊन पडल्यावर. आपल्याकडे मुले पहिल्या पावसात भिजत शाळेत जातात. तिकडे पाऊस संपल्याची खूण म्हणजे शाळेची घंटा.

गावाचे नाव डेब्रे बिरहान. राजधानी अदिस अबाबापासून ईशान्येला सुमारे 130 किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपासून 2,840 मीटर उंच. आपले महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, म्हणजे एका महाबळेश्वरवर दुसरे ठेवावे आणि वर थोडे चढावे, तेवढ्या उंचीवर हे गाव एका विस्तीर्ण माळावर पसरलेले आहे. अक्षांश मात्र जेमतेम पावणेदहा अंश उत्तर. साताऱ्याच्या डोक्यावर सूर्य मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि शून्य सावलीच्या त्या दिवशी आपल्याकडे उन्हाने जीव नकोसा होतो. डेब्रे बिरहानच्या डोक्यावर तो एप्रिलच्या मध्यास येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस येतो, पण त्या दुसऱ्या खेपेस ढगांच्या जाड गोधडीमुळे त्याचे येणे कोणाला कळतही नाही. दिवसाची लांबीही वर्षभर फारशी बदलत नाही. साताऱ्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचे अंतर पडते, तिथे ते सव्वा तासाच्या आतच राहते. सूर्य इतका नेमस्त असल्यामुळे तिथल्या लोकांनी घड्याळच सूर्योदयापासून लावले आहे. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला असतो. "बारा वाजताची बस" ही पहाटे सहाची असते, हे मला ती चुकल्यावर समजले.

जिथे सूर्य वर्षभर जवळजवळ सारखाच तापतो, तिथे ऋतू घडवतो कोण, हा प्रश्न मी आपल्याकडच्या वर्गांत पंचवीस वर्षे विचारत आलो होतो आणि त्याचे उत्तर "पाऊस आणि उंची" असे फळ्यावर लिहीतही आलो होतो. ते उत्तर अंगाला झोंबले ते मात्र तिथे.

याच वर्गांत दरवर्षी एखादा हुशार मुलगा उठून विचारत असे, "सर, डोंगरावर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो, मग गार का वाटतं?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो मूर्खपणाचा मुळीच नाही. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, तेव्हा दीड किलोमीटरच्या जवळिकीला काही अर्थ नाही, हे झाले अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की हवा वरून सूर्याने तापत नाही. ती खालून, तापलेल्या जमिनीने तापते. जमिनीलगतची गरम हवा वर चढू लागली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते, आणि फुगण्यासाठी लागणारी शक्ती तिला स्वतःच्या उष्णतेतून खर्चावी लागते, म्हणून ती थंड होत जाते. शिवाय वरची हवा विरळ, तिच्यात बाष्प कमी, त्यामुळे जमिनीने सोडलेली उष्णता धरून ठेवणारे पांघरूणही पातळ. सरासरीने पाहिले तर हजार मीटर चढले की साडेसहा अंश उतरतात. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत आपण जवळजवळ सहाशे मीटर वर जातो, म्हणजे हिशेबाने चार अंशांचा फरक पडायला हवा, आणि एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीशी बसलेल्या कोणालाही तो दत्तमंदिराच्या वळणापासून जाणवू लागतो.

हाच हिशेब डेब्रे बिरहानला लावला तर समुद्रकिनाऱ्यापेक्षा अठरा अंशांची घट यायला हवी. प्रत्यक्षात ती थोडी कमी येते, कारण ते गाव एकट्या सुळक्यावर नाही, अफाट पठारावर आहे. पठार म्हणजे उंचावर नेऊन ठेवलेली चूलच. तिथली जमीन उन्हात तापते आणि वरची हवा तापवते. तरीही दुपारचे तापमान वीस-बावीस अंशांच्या पुढे क्वचित सरकते.

उंचीचा खरा हिसका बसला तो स्वयंपाकघरात. निघताना पत्नीने आग्रहाने बॅगेत कोंबलेला प्रेशर कुकर नसता, तर मी दोन वर्षे डाळीविना काढली असती. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांवर येतो आणि पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांनाच उकळू लागते. पाणी खदखदताना दिसते, वाफ निघते, आणि तुरीची डाळ तासाभराने चमच्यात घेऊन दाबली तर दाणा तसाच टणक. ज्याला आपण उकळणे म्हणतो, त्यात तिथे डाळ शिजवण्याची ताकदच नसते. कुकरचेही तसेच. शिट्टी वाजते ती बाहेरच्या दाबाच्या तुलनेत, आणि बाहेरचा दाबच कमी असल्याने आतले तापमानही साताऱ्याइतके चढत नाही. तीन शिट्ट्यांची डाळ मी पाच शिट्ट्यांवर नेली, तेव्हा कुठे वरण जमले.

मी पोचलो होतो पावसात, त्यामुळे पहिले काही महिने मला वाटत राहिले की हिवाळा म्हणजे हा पावसाचा गारठाच. नोव्हेंबर आला आणि आणखी एक प्रकार समोर आला. आकाश धुतल्यासारखे निळे, दुपारचे ऊन इतके कडक की टोपीशिवाय मान भाजून निघे, आणि सूर्य मावळल्यावर तासाभरात स्वेटर, तासाभराने त्यावर कोट. पहाटे गवतावर पांढरे दहिवर गोठलेले असे. त्याच दिवशी दुपारी पुन्हा मान भाजे. उष्ण कटिबंधातल्या उंच प्रदेशात जानेवारी आणि जून यांच्या सरासरी तापमानात जेवढा फरक नसतो, त्याच्या कितीतरी पट फरक एकाच दिवसाच्या दुपारी आणि पहाटे यांच्यात असतो. रात्र हाच उष्ण कटिबंधातला हिवाळा, असे भूगोलाच्या अभ्यासकांत म्हटले जाते, आणि ते अलंकारिक नाही. पातळ, कोरड्या हवेतून जमीन आपली ऊब रात्री सरळ आकाशाला देऊन टाकते.

याचा छोटा नमुना आपल्या जिल्ह्यातही दर डिसेंबर-जानेवारीत पाहायला मिळतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की पुण्या-मुंबईचे पर्यटक गाड्या काढतात. परत आल्यावर मी एकदा मुद्दाम पहाटे पाचला तिथे गेलो. जीपच्या टपावर आणि नौकाविहाराच्या जेटीवर पांढरा पातळ थर होता, बोटाने ओढला तर कडकड मोडणारा. शेजारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत मल्चिंगच्या काळ्या कागदावरही तो पसरला होता आणि एक शेतकरी वाकून पाने तपासत होते. बाजारपेठेत मात्र, जी तलावाहून उंच आहे, बर्फाचा मागमूस नव्हता. मी विचारले तेव्हा ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सर, थंडी वर न्हाई ऱ्हात. रात्री ती पाण्यागत उतारानं खाली येती आन् हितं साचून बसती." जड झालेली थंड हवा उताराने वाहत येऊन खोलगट भागात तुंबते, हे समजावायला मला वर्गात आकृती काढून अर्धा तास लागत असे.

मात्र महाबळेश्वरची थंडी आणि डेब्रे बिरहानची थंडी एक नव्हे. आपण विषुववृत्तापासून अठरा अंश वर आहोत. डिसेंबरात आपल्याकडे रात्र मोठी होते, सूर्य दक्षिणेला कलतो आणि उत्तरेकडून कोरडे गार वारे येतात, म्हणून हिवाळा साताऱ्याच्या सखल भागातही येतो आणि उंची त्यात भर घालते. तिकडे असे कोणी बाहेरून येत नाही. जी थंडी आहे ती उंचीचीच, घरचीच, बाराही महिन्यांची.

ती किती घरची आहे, हे पाहायचे असेल तर डेब्रे बिरहानहून उत्तरेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसावे. तासाभराने तरमाबेरचा बोगदा लागतो. इटालियनांच्या ताब्याच्या काळात, म्हणजे 1936 ते 1941 च्या दरम्यान, तो खोदला गेला. तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर बस या बोगद्यात शिरते ती दाट धुक्यात, आणि पलीकडे निघते तेव्हा समोरची जमीनच संपलेली असते. आफ्रिकेला उभी चिरत गेलेल्या खचदरीचा तो कडा आहे. आंबेनळी घाट मला बेताचा वाटू लागला तो त्या दिवसापासून. पहिल्या वळणांवर जवाची शेते, मेंढरे आणि लोकरी टोप्या घातलेले गुराखी. मग डेब्रे सिना हे गाव, जिथे बस थांबताच बायका खिडकीशी भाजलेल्या जवाच्या पुड्या विकायला येतात. तिथून पुढे कोट निघतो, मग स्वेटर. डोंगरउतारावर टेफ या बारीक धान्याची शेते दिसू लागतात, ज्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा नावाची मोठी धिरडी हे तिथले रोजचे अन्न. तळाशी शेवा रोबित, सुमारे 1,280 मीटरवर. तिथे आंबा, पपई, आणि ज्वारी. बाटुकाच्या वासाने माझे डोळे पाणावले, हे कबूल करायला हरकत नाही. शंभर किलोमीटरच्या आतला हा प्रवास. तारीख तीच, सूर्य तोच, आणि वर हिवाळा, खाली उन्हाळा.

म्हणूनच तिथल्या शेतकऱ्यांनी मुलखाची नावे उंचीवरून ठेवली आहेत. पाचशे मीटरच्या खाली बेरेहा, म्हणजे वाळवंटी रान. पाचशे ते दीड हजार कोला, उष्ण प्रदेश. दीड हजार ते साधारण 2,300 वोयना डेगा, म्हणजे द्राक्षांचा डेगा. त्यावर डेगा, गार प्रदेश. आणि 3,200 च्या वर वुर्च, जिथे हिम पडते आणि जवाखेरीज फारसे काही पिकत नाही. कोणाला त्याचे गाव विचारले तर तो नावाआधी "आम्ही डेगातले" असे सांगतो, आणि त्यातूनच त्याचे पीक, जेवण, घराची भिंत आणि अंगावरचे कापड कळून जाते. या देशाची एक बाजू दानाकिलच्या खळग्यात समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून खाली उतरते आणि दुसरी रास दाशेन शिखरावर साडेचार हजार मीटरवर जाते, तेव्हा "इथिओपियाची हवा कशी आहे?" या प्रश्नाला "किती मीटरची?" हेच उत्तर शोभते.

आपणही कोकण, घाटमाथा, मावळ, देश, माणदेश अशी नावे ठेवलीच आहेत. पण नीट पाहिले तर ती पावसाची नावे आहेत, थंडीची नव्हेत. उंची दोन कामे करते. एक, हवा गार करते. दोन, बाष्प घेऊन आलेल्या वाऱ्याला वर ढकलून त्याच्याकडून पाऊस काढून घेते. आपल्या जिल्ह्यात दुसऱ्याच कामाचा दरारा मोठा. अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो, हजार मीटर उचलला जातो, थंड होतो आणि महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओततो. वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याचा तिसरा हिस्सा उरतो, वाईत त्याहून कितीतरी कमी, आणि माण तालुक्यात पोचेपर्यंत उतरून कोरड्या झालेल्या त्या वाऱ्याच्या पदरात पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस राहतो. माणदेशाचे तोंड म्हणून परतीच्या पावसाकडे लागलेले असते.

इथिओपियात पावसाच्या मोठ्या ऋतूला किरेम्त म्हणतात, जून ते सप्टेंबर. हाच माझ्या सहकाऱ्याचा हिवाळा. त्यानंतर ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कोरडा बेगा, आणि फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत लहान पावसाचा बेल्ग, जो कधी येतो, कधी हुलकावणी देतो. दिवसाच्या तापमानाने सर्वांत उबदार महिने याच बेल्गातले, म्हणजे आपल्या उन्हाळ्याशी जुळणारे. किरेम्तचे पाणी पठारावरून काळी माती घेऊन निळ्या नाईलमधून सुदानकडे आणि तिथून ईजिप्तकडे जाते, आणि आस्वानचे मोठे धरण 1970 मध्ये पुरे होईपर्यंत ईजिप्तचा दरसालचा पूर तो हाच. या नदीचा उगम मानलेला झरा तिथल्या ख्रिस्ती लोकांना आपल्या क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखाइतकाच पवित्र आहे. कृष्णाही अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर टाकून चौदाशे किलोमीटर दूरच्या बंगालच्या उपसागराकडे जाते. उंच पठारांच्या नद्यांना घराजवळचा समुद्र गोड लागत नसावा.

या दोन पठारांचा संबंध निव्वळ सारखेपणाचा मात्र नाही. 1960 च्या दशकात फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने दाखवले की नैऋत्य मोसमी वारे विषुववृत्त ओलांडताना समुद्रभर पसरलेले नसतात. केनिया-सोमालियाच्या बाजूला, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर, ते एका अरुंद आणि वेगवान झोतात गोळा होतात. त्यांना असे दाबून धरते ती पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाची भिंत. तिला डावा खांदा लावून हा झोत उत्तरेकडे सरकतो, अरबी समुद्रावर पूर्वेकडे वळतो, वाटेत बाष्प भरून घेतो आणि मग आपल्या सह्याद्रीला येऊन धडकतो. ती भिंत नसती तर हा झोत इतका एकवटलेला राहिला नसता. जूनमध्ये वेण्णेला पूर आला की मला आता हटकून तरमाबेरचा कडा आठवतो.

माणसांच्या वस्तीवर झालेला परिणाम मात्र दोन्हीकडे उलट आहे. आपल्याकडे गावे खोऱ्यांत, कृष्णा-कोयना-उरमोडीच्या काठाने. माथ्यावर गवत, कातळ आणि धनगरवाडे. तिकडे बहुसंख्य लोक दीड हजार मीटरच्या वर राहतात, कारण वर पाऊस आहे, माती आहे, आणि साधारण दोन हजार मीटरच्या पुढे हिवतापाचा डास सहसा टिकत नाही. अति उंचीही सोसत नाही म्हणा. सम्राट मेनेलिक दुसरा याची राजधानी आधी एन्तोतो डोंगरावर होती. तिथली थंडी आणि सरपणाची टंचाई यांना कंटाळून 1886 च्या सुमारास राणी तायतूने खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ घर बांधवले, आणि त्याची अदिस अबाबा झाली, सुमारे 2,350 मीटरवर. सरपणासाठी पुढे ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणली गेली आणि ती आता डोंगरभर माजली आहे. पाचगणीचे सिल्व्हर ओकही ऑस्ट्रेलियाचेच. गार डोंगर दिसला की तिथे ऑस्ट्रेलियाचे झाड लावायचे, हा त्या शतकाचा छंदच होता.

पहिल्या सप्टेंबरात, किरेम्त संपताना, मी बसने दक्षिणेकडे जात असताना वोयना डेगाच्या उतारांवर पिवळी शेते दिसली आणि मी शेजाऱ्याला ओलांडून खिडकीला नाक लावले. कारळे! आपल्या जावळी-पाटणच्या वरकस उतारांवर दसऱ्याच्या आसपास फुलणारे तेच. त्याचे शास्त्रीय नाव गायझोटिया ॲबिसिनिका. ॲबिसिनिया म्हणजे इथिओपियाच, आणि हे पीक मूळचे तिथलेच. आपली नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातूनच आलेली आहे.

योगायोग असा की माझ्या बॅगेत साताऱ्याहून नेलेली कारळ्याच्या चटणीची बरणी होती. घरी आल्यावर मी ती घरमालकीणबाईंपुढे ठेवली. त्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे 'एमाये', म्हणजे आई, म्हणत असे. त्यांनी झाकण काढले, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "नुग." मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या डब्यातले काळे चकचकीत दाणे आणून माझ्या हातावर ओतले. उपवासाच्या दिवसांत त्या ते भाजून, कुटून, पाण्यात कालवून घेत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमच्याकडे हे डेगात पिकतं की वोयना डेगात?"

मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो. मेढा, पाटण, वाई, सारे साडेसातशे मीटरच्या आत, आणि महाबळेश्वरचा सर्वांत उंच विल्सन पॉइंट 1,439 मीटर. त्यांच्या मापाने आमचा अख्खा सातारा जिल्हा, वेण्णा तलावाच्या बर्फासकट, कोलात मोडत होता. मी तसे सांगितले, आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले की अंगातला हा जाड स्वेटर मी तिथूनच, महाबळेश्वरच्या बाजारातून, घेतला आहे.

एमायेंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "कोलात," त्यांनी विचारले, "स्वेटर कशाला लागतो?"